पाच अंश कमी

शुवैखला, टायरवाल्यांच्या मागच्या गल्लीत,
जूनमध्ये पान्हासुद्धा फडक्यात धरून उचलावा लागतो.
बू मिश्अल गाडी घेऊन आला तेव्हा
त्याच्या डिशदाशाची पाठ चिंब होती
आणि डिकीत झुबेदीची पेटी, बर्फ अर्धाच उरलेला.
झुबेदी म्हणजे आपलं पापलेट. हर्णैच्या माणसाला
कुवेतमध्ये पहिला शब्द तोच कळतो.
म्हणाला, भर दुपारी एसी मरतो,
मगरिबला आपोआप जिवंत होतो.

गॅस भरलेला, पट्टा नवा, कॉम्प्रेसर ठणठणीत.
कुठल्याच नळीत दोष नव्हता.
दोष एका आकड्यात होता:
बाहेर अठ्ठेचाळीसच्या वर गेलं की कॉम्प्रेसर बंद.
कुणीतरी थंड देशात, स्वेटर घालून,
ठरवलं असणार, याहून जास्त कुठं तापतंय.
मला तो आकडा लॅपटॉपवर दिसत होता,
हलवायाच्या काचेआडून दिसतं तसा.
बदलायला गेलो तर गाडी म्हणाली, सही दाखव.
कंपनीची सही. ती नसेल तर
माझं अक्षर तिला अक्षरच वाटत नाही.

जेवणाच्या सुट्टीत गाडीतच बसलो,
स्क्रीन चाळत गेलो: सेटिंग, माहिती, कायदेशीर.
तिथं तळाला, जिथं कुणी कधी जात नाही,
परवान्यांची लांबलचक पोथी.
बोट दुखेपर्यंत सरकवली.
वापरा, उघडा, वाचा, बदला, पुढच्याला द्या,
आणि त्यालाही हे सगळं करू द्या.
इंग्रजी जाडंभरडं होतं, पण एवढं कळलं.
आमच्या आळीत विरजण असंच मागून नेतात.
खाली नावं. शेकडो. फुकट लिहिणाऱ्यांची.
त्यात एक पेडणेकर.
बाई की बाप्या, कळेना.
दोनदा वाचलं, ओठ न हलवता.

तिथंच पत्ता होता: मूळ प्रत हवी तर लिहा,
तीन वर्षं देऊ.
शाहीनूर हसला. मी लिहिलं.
सहा आठवड्यांनी पाकीट आलं, आत एक चकती.
फसवलं नव्हतं त्यांनी. सगळं होतं,
पेडणेकरचा तुकडासुद्धा, शेजारी तारीख.
किल्ली तेवढी नव्हती.
घर तुमचंच आहे, म्हणतात,
दार मात्र आम्हीच उघडू.

बू मिश्अल भडकला.
गाडी माझी, दिनार मी मोजले,
आणि तिला हात लावायला परवानगी कुणाची?
मी मान हलवली.
माझं रिलीज गेल्या वर्षापासून
कफीलच्या टेबलावर पडून आहे, एका सहीसाठी.
हे त्याला बोललो नाही. माणूस चांगला आहे.
त्याच्याकडेही चौघं आहेत, बोटीवर.

त्या दिवशी समोरच्या बँकेच्या पाटीवर पन्नास होते.
मी बंपरमागच्या सेन्सरची वायर कापली,
मध्ये तांदळाएवढा रेझिस्टर डागला.
पन्नास फिल्सचा.
आता गाडीला बाहेर कायम पाचेक अंश कमी वाटतं.
हिवाळ्यात उगाच हुडहुडी भरेल, भरू दे.
कुलूप फोडलं नाही, आकड्याला हात लावला नाही,
तिला नुसतं खोटं सांगितलं,
आणि ती गार वारा सोडत राहिली.
बू मिश्अलनं दोन झुबेदी काढून दिल्या,
डोळे अजून चकचकीत.

रात्री आठ जणांच्या खोलीत, वरच्या बंकवर,
फोन छातीवर ठेवून मी हळू बोलतो.
खाली कुणीतरी माशाचं डोकं चोखतोय.
अलफिया विचारते, अब्बा, आज किती तापलं होतं?
पंचेचाळीस, म्हणतो.
ती कुणालातरी ओरडून सांगते, पंचेचाळीसच!
मग स्वयंपाकघरातून ताहिराचा आवाज,
बरं मग.